गाडी पासिंगला नेण्याआधी: यंत्राला काय दिसतं आणि आपण काय तपासायचं

रोज चालवताना गाडी ठणठणीत वाटते आणि तपासणीत नापास होते, हे नेहमीचं आहे. कारण सोपं आहे. चालकाला आपल्या गाडीच्या खोडींची सवय झालेली असते. ब्रेक दाबल्यावर गाडी जराशी डावीकडे ओढते, तर हात आपोआप स्टीअरिंग सावरून घेतात. हँडब्रेक दोन खटके जास्त वर येतो, तर आपणही दोन खटके जास्त ओढतो. तपासणीच्या यंत्राला अशी सवय नसते. ते प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजतं, दिव्याचा झोत फळ्यावर पाहतं आणि धुराचा आकडा छापून देतं. तयारी करायची तर गाडीकडे थोडा वेळ त्या यंत्राच्या नजरेनं पाहायला हवं.

नियमांचे तपशील देशागणिक बदलतात, तपासणीचा गाभा मात्र सगळीकडे सारखाच: ब्रेक, स्टीअरिंग आणि सस्पेन्शन, टायर, दिवे, धूर, गाडीचा सांगाडा, काचा, सीट बेल्ट आणि गाडीची ओळख. पुढे दिलेले आकडे बऱ्याच ठिकाणच्या नियमांत आढळतात, पण शेवटी तुमच्या तपासणी केंद्राचा तक्ताच लागू होतो. तो आधी मिळवून वाचा.

तीन-चार आठवडे आधी सुरुवात का?

आदल्या दिवशी गॅरेज गाठणाऱ्यांची फजिती ठरलेली, कारण काही कामांना पैशांपेक्षा दिवस जास्त लागतात. नवे ब्रेक पॅड डिस्कवर नीट बसायला साधारण २०० ते ३०० किलोमीटर चालणं लागतं. त्याआधी ते पूर्ण जोर देत नाहीत. इंजिनाच्या संगणकातला फॉल्ट कोड (दोषाची नोंद) पुसला तर त्याच्या अंतर्गत चाचण्या पुन्हा पूर्ण व्हायला कित्येकदा आठवडा जातो.

कामांचा क्रमही महत्त्वाचा. आधी सस्पेन्शन आणि स्टीअरिंगचे सांधे, मग टायर, मग व्हील अलाइनमेंट (चाकांची दिशा जुळवणं) आणि सगळ्यात शेवटी हेडलाइटचा झोत. झिजलेल्या बॉल जॉइंटवर (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) अलाइनमेंट केलं तर जॉइंट बदलल्यावर ते पुन्हा करावं लागतं. नवी स्प्रिंग बसवली की गाडीची उंची बदलते आणि उंची बदलली की दिव्यांचा झोतही हलतो. उलट्या क्रमानं गेलात तर एकाच कामाचे पैसे दोनदा मोजाल.

ब्रेक: जोर पुरेसा, तरी नापास

ब्रेक तपासताना एका अक्षाची, म्हणजे पुढची किंवा मागची, दोन्ही चाकं फिरत्या रोलरवर उभी करतात आणि पेडल हळूहळू दाबतात. यंत्र दोन गोष्टी पाहतं. पहिली, सगळ्या चाकांचा एकूण जोर गाडीच्या वजनाच्या किती टक्के आहे. दुसरी, एकाच अक्षावरच्या डाव्या-उजव्या चाकांच्या जोरात किती तफावत आहे. बहुतेकांची विकेट या दुसऱ्या आकड्यावर पडते.

एक उदाहरण मांडून पाहू. गाडी १,२०० किलोची, म्हणजे वजनाचा जोर साधारण ११.८ किलोन्यूटन. पुढच्या डाव्या चाकाला २.४, उजव्या चाकाला १.६ आणि मागच्या दोन्ही चाकांना प्रत्येकी १.१ किलोन्यूटन जोर मिळाला. एकूण बेरीज ६.२, म्हणजे सुमारे ५३ टक्के. ५० टक्क्यांची अट असेल तर गाडी इथे सुटली. पण पुढच्या अक्षावरचा फरक ०.८ आहे आणि तो मोठ्या आकड्याच्या ३३ टक्के भरतो. तफावतीची मर्यादा बऱ्याच नियमांत ३० टक्के असते. गाडी नापास, आणि चालवणाऱ्याला वाटतंय ब्रेक तर मस्त लागतात.

उजव्या चाकाचा जोर कमी का पडला? कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) उघडून पाहिला की कारण बहुधा तिथेच दिसतं. कॅलिपर दोन स्लाइड पिनांवर मागेपुढे सरकतो. पिनांवरची रबरी टोपी फाटली की आत पाणी आणि धूळ शिरते, ग्रीस वाळतं आणि पिन जॅम होते. मग पिस्टनच्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबला जातो, पण पलीकडचा पॅड नुसता टेकून राहतो. चाक काढल्यावर आतला पॅड ३ मिलिमीटरवर आलेला आणि बाहेरचा ८ वर दिसला, तर पिन अडकली आहे हे सांगायला दुसरा पुरावा नको. नुसते पॅड बदलून हे सुटत नाही. पिन बाहेर काढून साफ करायची, उष्णता सोसणारं सिलिकॉनचं किंवा कंपनीनं सांगितलेलं ग्रीस लावायचं आणि टोपी नवी घालायची. इथे साधं चासिस ग्रीस चालत नाही. त्यानं रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

तफावतीची आणखी काही कारणं आहेत: गंजून अडकलेला पिस्टन, ड्रमच्या आत गळणारा व्हील सिलिंडर, पॅडवर उडालेलं ऑइल. रबरी होज कधीकधी बाहेरून चांगला दिसतो, पण आतून फुगून बंद होतो. अशा होजमुळे पेडल सोडल्यावरही दाब अडकून राहतो आणि ते एकच चाक तापतं. दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून थांबा आणि चारही रिमांजवळ हात न्या. रिमला हात लावू नका, नुसती धग घ्या. एकाच अक्षाचं एक चाक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे गरम असेल, तर ते घासतंय. अगदी थंडगार असेल, तर तिथे ब्रेक लागतच नाही.

मागच्या चाकांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. रोजच्या ब्रेकिंगचं बरंचसं काम पुढची चाकं करतात. मागचे ब्रेक कमी वापरले जातात, त्यामुळे ते गंजतात किंवा त्यांचे लायनर (घासणारे थर) गुळगुळीत होतात. हँडब्रेकची चाचणी बहुतेक गाड्यांत याच चाकांवर होते. ड्रम ब्रेकच्या गाडीत हँडब्रेक सैल झाला की थेट केबल ताणतात, ही गॅरेजमधली सर्रास चूक आहे. आधी ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरनं शूज (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे भाग) जवळ आणायचे आणि मगच केबलला हात लावायचा. नुसती केबल ताणली तर शूज कायम अर्धवट उघडे राहतात, आतला ॲडजस्टर काम करेनासा होतो आणि पेडल खोल जायला लागतं. हँडब्रेक किती खटक्यांवर लागायला हवा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत मागचे पॅड बदलण्यापूर्वी स्कॅनरनं सर्व्हिस मोड लावावा लागतो. पिस्टन जबरदस्तीनं मागे ढकलला तर मोटर तुटते.

ब्रेक ऑइलची टाकी भरलेली आहे म्हणजे काम झालं असं नाही. हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरल्यावर हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात सलग ब्रेक लावल्यावर ते उकळलं की पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदला. पातळी खाली गेलेली दिसली तर नुसतं वरून ओतू नका; एक तर पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे.

सांधे आणि सस्पेन्शन

हे काम निम्मं डोळ्यांचं आणि निम्मं हातांचं. पुढचं चाक जॅकवर उचला आणि खाली भक्कम स्टँड लावा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली जाऊ नये, कधीच. चाक वर-खाली धरून, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी, हलवा. खेळ, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर व्हील बेअरिंग किंवा बॉल जॉइंट संशयित. मग तीन आणि नऊच्या जागी धरून हलवा. इथे खेळ असेल तर बहुधा टाय रॉड एंड (स्टीअरिंगचा चाकाजवळचा सांधा) गेलेला असतो. बारा-सहावर हलवताना सोबत्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. वजन उचललेल्या अवस्थेत काही जॉइंटचा खेळ लपतो, त्यामुळे तपासणी केंद्रात चाकांखालच्या सरकत्या पट्ट्यांवर तो पकडला जातो आणि मालक म्हणतो, 'गॅरेजमध्ये तर काही सापडलं नव्हतं.'

खेळ नसलेल्या जॉइंटवरही गाडी अडकू शकते, कारण त्यावरचा रबरी बूट फाटलेला असतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर पडतं, रेती आत जाते आणि काही महिन्यांत चांगला जॉइंट खलास होतो. ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बूटचंही तसंच. चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि सस्पेन्शनवर काळं ग्रीस उडालेलं दिसलं तर तो फाटलेला आहे. खटखट सुरू होण्याआधी पकडलं तर नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं.

शॉकॉपवर (शॉक ॲब्सॉर्बर) धूळ चिकटलेला ओलसर थर दिसणं आणि ऑइलचे ओघळ येणं यांत फरक आहे. थोडा घाम चालतो, ओघळ चालत नाहीत. बदलायचेच झाले तर अक्षावरचे दोन्ही बदला. लोअर आर्मच्या (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या) रबरी बुशला चिरा आणि स्टॅबिलायझरच्या लिंक रॉडला खडखड आहे का, हेही याच वेळी पाहून घ्यावं.

टायर

बहुतेक ठिकाणी कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, तेही याच उंचीचे. टायर त्यांच्या पातळीला आला की संपला. पावसातल्या पकडीसाठी मात्र ३ मिलिमीटरला बदललेला बरा. मोजताना एका जागी मोजून थांबू नका. आतली कड वरून दिसत नाही आणि झीज नेमकी तिथेच जास्त असते. स्टीअरिंग पूर्ण वळवून टायरच्या आतल्या बाजूवरून हात फिरवा.

झिजेची तऱ्हा कारण सांगते. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर हवा जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट बिघडलेलं आणि लाटेसारखे खड्डे पडले असतील तर शॉकॉप किंवा चाकाचा बॅलन्स. कारण न शोधता नवे टायर घातले तर तेही तसेच झिजतात.

बाजूच्या भिंतीवर फुगा आला असेल तर आतला धागा तुटलेला असतो. त्यावर दुरुस्ती नाही. टायर कधी बनला हे भिंतीवरच्या कोडच्या शेवटच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हवा थंड टायरमध्ये भरावी. किती भरायची ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरच्या भिंतीवरचा आकडा हा कमाल दाब असतो. एका अक्षावर दोन वेगळ्या मापांचे किंवा नक्षींचे टायर घालून जाऊ नका.

दिवे

इथे नापास होणं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चीड आणणारं. एकट्यानं तपासायचं तर संध्याकाळी भिंतीजवळ पाठ करून गाडी उभी करा. ब्रेकचे दिवे, तिसरा ब्रेक लाइट आणि रिव्हर्सचा दिवा यांचा उजेड भिंतीवर दिसतो. नंबर प्लेटचा दिवा सगळे विसरतात. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकायला हवा. तो एकाएकी घाईघाईनं टिकटिकायला लागला तर त्या बाजूचा एखादा बल्ब गेलेला असतो.

हेडलाइटचा झोत घरीही पुष्कळसा बरोबर आणता येतो. सपाट जागा, टायरमध्ये बरोबर हवा, डिकी रिकामी, चालकाच्या जागी कोणीतरी बसलेलं आणि झोत वर-खाली करायचं चाक शून्यावर. गाडी भिंतीला जवळजवळ टेकवून दोन्ही दिव्यांच्या मध्याची उंची चिकटपट्टीनं खूण करा. मग सरळ मागे ५ मीटर या. डिपरवर, म्हणजे लो बीमवर, उजेड-अंधाराची जी रेघ भिंतीवर पडते, ती खुणेच्या ५ ते ७ सेंटीमीटर खाली असावी, आणि रस्त्याच्या कडेच्या बाजूला तिरकी वर चढलेली असावी. हा उतार दर दहा मीटरला १० ते १५ सेंटीमीटर असा धरतात. तुमच्या दिव्यावर टक्क्यांत आकडा छापला असेल तर तो पाळा.

हॅलोजनच्या घरात घातलेले एलईडी बल्ब हा वादाचा विषय. प्रकाश भरपूर पडतो हे खरं, पण रिफ्लेक्टर ठरावीक जागी असलेल्या तारेसाठी घडवलेला असतो. उजेडाचा उगम मिलिमीटरभर जरी सरकला तरी रेघ फुटते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच गाडी परत पाठवतात. मूळ बल्ब पुन्हा घाला, आणि हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. हाताचा तेलकटपणा लागलेल्या जागी काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. पिवळट, धुरकट झालेलं आवरणही झोत खातं. ते पॉलिश होतं, पण वर अतिनील किरण रोखणारा थर दिला नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळं पडतं.

धूर आणि डॅशबोर्डवरचे दिवे

पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमधला कॅटॅलिस्ट (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) सुमारे २५० ते ३०० अंशांना काम सुरू करतो. थंड गाडी धूर मोजायच्या नळीला जोडली तर चांगली गाडीही नापास दिसते. चाचणीआधी २०-२५ मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून या आणि रांगेत इंजिन बंद करून अर्धा तास घालवू नका. तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन ऑइलही तापलं असं नव्हे. ऑइल त्यापेक्षा बरंच मागून तापतं.

कार्बन मोनॉक्साइड जास्त आला तर इंधनाचं प्रमाण जास्त होतंय: बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर, गळका इंजेक्टर. हायड्रोकार्बन जास्त आले तर इंधन न जळता बाहेर पडतंय. आधी स्पार्क प्लग आणि कॉइल पाहा. दोन्ही थोडे थोडे जास्त आणि गाडी पूर्ण गरम असेल, तर कॅटॅलिस्ट थकलेला असू शकतो. लॅम्डा हा हवा आणि इंधनाच्या प्रमाणाचा आकडा सहसा ०.९७ ते १.०३ च्या मध्ये लागतो. तो वर गेला तर इंजिनाला दोष देण्याआधी सायलेन्सरचे सांधे तपासा, कारण भोकातून आत ओढलेली बाहेरची हवाही हा आकडा फुगवते.

डीझेलमध्ये ॲक्सिलरेटर झटकन तळापर्यंत दाबून धुराची दाटी मोजतात आणि हे लागोपाठ काही वेळा करतात. इंजिन दरवेळी कमाल फेऱ्यांना जातं. म्हणून जाण्याआधी ऑइलची पातळी आणि टायमिंग बेल्टची मुदत बघाच. मुदत उलटलेला बेल्ट तिथे तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. काळा धूर असेल तर एअर फिल्टर, टर्बोची सैल नळी आणि इंजेक्टर या क्रमानं शोधा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. गरम इंजिनातून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीनं यातलं काहीही बरं होत नाही. फार तर किंचित घाणेरडे इंजेक्टर थोडे साफ होतात.

आता डॅशबोर्ड. चावी फिरवल्यावर चेक इंजिन, एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगचे दिवे लागले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. जो दिवा लागतच नाही तोही दोष धरला जातो, त्यामुळे मागून तार काढून ठेवायची युक्ती चालत नाही. एबीएसचा दिवा पेटून राहिला तर महागडं युनिट बदलण्याआधी चाकाजवळचा वेगाचा सेन्सर साफ करा आणि त्याची तार पाहा. दोष बऱ्याचदा तिथेच निघतो.

चेक इंजिनचा दिवा स्कॅनरनं पुसून लगेच तपासणीला नेणं, किंवा बॅटरीची तार काढणं, हे अंगाशी येतं. कोड पुसला की कॅटॅलिस्ट, ऑक्सिजन सेन्सर, इंधनाची वाफ यांच्या अंतर्गत चाचण्यांची नोंदही कोरी होते. जिथे तपासणी केंद्र गाडीच्या संगणकाला जोडून पाहतं, तिथे 'चाचण्या अपूर्ण' असं दिसतं आणि गाडी परत. त्या पूर्ण करायच्या तर रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा, दोन-तीन मिनिटं जागेवर चालू ठेवा, मग १०-१५ मिनिटं एकसारख्या वेगानं मोकळ्या रस्त्यावर, अधूनमधून ब्रेक न लावता वेग उतरू द्या आणि थोडं गर्दीतही चालवा. हे काही दिवस करा. टाकी अगदी भरलेली किंवा अगदी रिकामी असेल तर वाफेची चाचणी सुरूच होत नाही. पाव ते पाऊण टाकी ठीक.

बाकीचं, भराभर

चालकासमोर वायपर फिरतो त्या भागात काचेला तडा नको. वायपर आणि पाण्याची पिचकारी चालू हवी. प्रत्येक सीट बेल्ट पूर्ण ओढून कडा विरलेल्या नाहीत ना पाहा. झटका दिल्यावर तो अडकला पाहिजे आणि सोडल्यावर स्वतः आत गेला पाहिजे. हॉर्न, आरसे, आतून-बाहेरून उघडणारी दारं, घट्ट बसवलेली बॅटरी, इंधनाचा वास. गंज पाहताना दाराखालचा उंबरठा, जॅक लावायच्या जागा, बेल्ट आणि सस्पेन्शन बसतं तिथला पत्रा आणि ब्रेकचे लोखंडी पाइप दाबून बघा. पुट्टी भरून रंग मारलेला उंबरठा तपासनिसाच्या एका टोचणीत उघडा पडतो; तिथे पत्रा वेल्ड करूनच घ्यावा लागतो.

चासिस नंबर सतरा अक्षरांचा असतो. तो आधी शोधून ठेवा, त्यावरचा मळ तारेच्या ब्रशनं नव्हे तर कापडानं पुसा, आणि कागदांशी एकेक अक्षर ताडून पाहा. नंतर बसवलेलं गॅस किट, बदललेलं इंजिन किंवा रंग कागदांवर चढवलेला हवा.

गाडी बाहेरून आणि खालून धुतलेली असावी, म्हणजे तपासनिसाला दिसेल. बॉनेटखाली मात्र आदल्या दिवशी जोराचं पाणी मारू नका. कनेक्टरमध्ये शिरलेलं पाणी नसलेला दोष तयार करतं. निघण्यापूर्वी डिकीतलं ओझं काढा. जाताना सुरक्षित जागा पाहून ६० च्या वेगावरून पाच-सहा वेळा दमदार ब्रेक लावत १५ पर्यंत या, पण पूर्ण थांबू नका. डिस्कवरचा रात्रीचा गंज निघून जातो.

नापास झालीच तर निकालाचा कागद नीट वाचा. 'पुढचा अक्ष, तफावत ३३ टक्के' असं लिहिलेलं असताना चारही चाकांचे पॅड बदलून घेण्यात अर्थ नाही. मेस्त्रीला तो कागद दाखवा आणि कमी जोराच्या चाकाचा कॅलिपर उघडायला सांगा. फेरतपासणीला किती दिवसांची मुदत आहे आणि तोवर गाडी रस्त्यावर नेता येते का, हे तिथेच विचारून घ्या. पास झाली तरी चाकागणिक जोराचे आकडे छापलेला कागद जपून ठेवा. पुढच्या वेळी एकाच चाकाचा आकडा घसरलेला दिसला, तर तिथली पिन अडकायला लागली आहे हे आधीच कळतं.